इलस्ट्रेटर, कोरल, इंकस्केप: कुठल्या ॲड-ऑनवर पैसे घालायचे?

इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि इंकस्केप ही लोगो, पत्रिका, फ्लेक्स असली डिझाइनं काढायची सॉफ्टवेअर, आणि त्यांना जोडायचं जादा सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन, ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन. प्लगिन घ्यायचंय, कुठलं घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुमची फाइल शेवटी जाते कुठे? कारण पुण्यात एकच लोगो नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये ऑफसेटला जातो, फ्लेक्सवाल्याकडे जातो, लेझर कटिंगवाल्याकडेही जातो, आणि यांच्यापैकी कुणाच्याच मशीनवर तुमचं प्लगिन नसतं. त्यामुळे प्लगिन काय काय करतं हे बघायच्या आधी ते फाइलमध्ये मागे काय सोडतं ते बघा, साधे पाथ (म्हणजे कुठेही उघडणाऱ्या रेषा आणि आकार) सोडतं की असा काहीतरी इफेक्ट जो समोरच्याला उघडताच येणार नाही.

सगळ्यात ताकदीचा संच म्हणजे इलस्ट्रेटरसाठीचा अस्ट्यूट ग्राफिक्सचा. ब्रिटिश कंपनी आहे, पूर्वी एकेक प्लगिन सुटं विकत मिळायचं, आता सगळं वर्षाच्या वर्गणीवर. त्यातलं वेक्टरस्क्राइब हे एकटंच माझ्या मते निम्मे पैसे वसूल करतं, पण कुणाचे, तर ज्याचं लेटरिंगचं, म्हणजे हाताने अक्षरं काढायचं, काम जास्त आहे त्याचे. कट निबने (तिरप्या टोकाच्या पेनाने) कागदावर देवनागरी अक्षरं काढून स्कॅन केली आणि इमेज ट्रेसला (चित्रावरून आपोआप पाथ काढणाऱ्या सोयीला) लावली की शिरोरेषेवर, पाथचा आकार धरणारे, नको तितके पॉइंट पडतात, सरळ रेघ जवळून बघितली तर लाटा दिसतात. पॉइंट कमी करणारं इलस्ट्रेटरचं स्वतःचं सिम्प्लिफाय 2020 पासून बरंच सुधारलंय पण अख्खं अक्षर निवडून लावलं तर ते सरसकट चालतं, म्हणजे शिरोरेषा सुधारते आणि त्याच वेळी वेलांटीच्या टोकाचा निबचा धारदार काप बोथट होतो, आणि कॅलिग्राफीत तो कापच तर सगळं काही असतो! वेक्टरस्क्राइबचा स्मार्ट रिमूव्ह ब्रश जिथे फिरवाल तिथलेच पॉइंट काढतो, बाकी अक्षराला हात लावत नाही. आणि शेवटी उरतात ते साधे पाथ, फाइल कुणालाही द्या.

त्याच संचातलं फँटाझम वेगळ्या जातीचं. त्याचा हाफटोन (चित्राचे ठिपके करणारा) लाइव्ह इफेक्ट आहे, म्हणजे ठिपक्याचा आकार आणि कोन कधीही बदलता येतो, ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टचं स्क्रीन प्रिंटिंग करत असाल तर फार कामाचं. पण द्यायच्या आधी एक्सपांड अपिअरन्स (इफेक्टचे साधे पाथ) करायलाच हवं, आणि मूळ फाइल आपल्याकडे वेगळी ठेवायची. अजून एक, इलस्ट्रेटरचं मोठं अपडेट आलं की प्लगिनचं अपडेट यायची वाट बघावी लागू शकते, तेव्हा काम हातात असताना व्हर्जन बदलू नका.

इलस्ट्रेटरसाठीचं मोजमापाचं प्लगिन, हॉट डोअरचं कॅडटूल्स, नुसती लांबी-रुंदी दाखवायला घेणार असाल तर थांबा, 2024 मध्ये इलस्ट्रेटरमध्येच डायमेन्शन टूल आलंय. दुकानाच्या दर्शनी भागाचं स्केलमधलं ड्रॉइंग करायचं असेल तर मात्र कॅडटूल्सला अजून अर्थ आहे. आणि फुकटच हवं असेल तर इलस्ट्रेटरमध्ये चालवायच्या छोट्या जेएसएक्स स्क्रिप्ट्स आहेत, आर्टबोर्डची (फाइलमधल्या पानांची) नावं बदलणं, एकदम एक्सपोर्ट करणं, शंभर वस्तू वेगवेगळ्या कोनात फिरवणं असली कंटाळवाणी कामं त्या झटक्यात करतात.

आता कोरल. पत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं यात कोरल अजून घट्ट बसलंय आणि त्याचं मोठं कारण कोरल एकटं नाही, त्याच्या जोडीला असलेलं श्रीलिपी आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. आपण त्याला प्लगिन म्हणत नाही पण मराठी डिझायनरसाठी खरं ॲड-ऑन तेच, कीबोर्ड आणि फॉन्टचा ढीग, आणि त्यातल्या सजावटी अक्षरांसाठी लोक आजही ते सोडत नाहीत. अडचण एवढीच की त्याचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे एकसारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) नाहीत, समोरच्याकडे फॉन्ट नसला की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून प्रेसला देताना कंट्रोल क्यू मारून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून टाकतात, पण मग शेवटच्या क्षणी मामांचं नाव बदलायचं म्हटलं की मूळ फाइल शोधा.

खरा फरक नावांच्या कामात कळतो. शाळेची प्रमाणपत्रं घ्या, नावं गूगल फॉर्मवरून येतात, म्हणजे युनिकोडमध्ये. कोरलचं प्रिंट मर्ज (यादीतली नावं एकेक करून छापायची सोय) चांगलं आहे, आतच मिळतं, पण श्रीलिपीचा जुना फॉन्ट वापरायचा असेल तर आधी सगळी यादी कन्व्हर्टरमधून काढायची आणि मग प्रत्येक रफार, प्रत्येक जोडाक्षर डोळ्याखालून घालायचं, मुलाचं नाव प्रमाणपत्रावर चुकीचं छापून जाणं फार वाईट. इंकस्केपमध्ये नेक्स्टजनरेटर नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, सीएसव्ही (तक्त्यातली साधी यादी) दिली की प्रत्येक ओळीची वेगळी फाइल काढून देतं, आणि इंकस्केपला युनिकोड देवनागरी नीट कळते. फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घ्या, मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, फुकट आहे. यादी लांब असेल तर मी डोळे झाकून हाच रस्ता सांगेन. इलस्ट्रेटरमध्ये व्हेरिएबल्स पॅनल सीएसव्ही घेतं, तिथे जोडाक्षरं तुटलेली दिसली तर टाइप प्रेफरन्समधून इंडिक ऑप्शन्स चालू करून परिच्छेदाला साउथ एशियन कंपोझर लावायचा.

इंकस्केपची एक्स्टेन्शन्स बहुतेक पायथनमध्ये लिहिलेली आणि फुकट असतात, फक्त मे 2020 मध्ये 1.0 आलं त्याच्या आधीची बरीचशी नव्यात चालत नाहीत, डाउनलोड करताना तेवढं बघा. इंक/स्टिच बघून तर मी खरंच खूश झालो, ब्लाउजवर मशीन एम्ब्रॉयडरी करणाऱ्यांसाठी मशीनला लागणारी डीएसटी, पीईएस फाइल थेट निघते, टाके कसे पडतील ते स्क्रीनवर आधी दिसतं. एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी प्रत्येकाने हे वापरून बघावं.

एमडीएफचं गणपतीचं मखर कापायचं असेल तर कोरलमध्ये ईकट हे प्लगिन, विकतचं आहे पण तुकडे शीटवर दाटीवाटीने बसवून देतं. इंकस्केपवाल्यांना खाचांचे खोके काढायला बॉक्सेस.पाय आणि तुकडे बसवायला डीपनेस्ट हे वेगळं फुकट सॉफ्टवेअर. रोज शीट कापत असाल तर ईकट, वर्षातून एकदा मखर करणार असाल तर फुकटवालं पुरतं. दोन्हीकडे लेझरच्या कापात किती रुंदी जाते ते आधी छोटा तुकडा कापून मोजा, नाहीतर खाचा सैल बसतात.

ऑफसेटच्या रंगीत कामाला मात्र मी इंकस्केप सुचवणार नाही, सीएमवायकेसाठी (छपाईच्या चार शाईंच्या रंगांसाठी) स्क्राइबस या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढायची खटपट करावी लागते.

म्हणजे पत्रिका आणि फ्लेक्स करत असाल तर कोरल-श्रीलिपी, शिकत असाल किंवा कापणं-शिवणं करत असाल तर इंकस्केप, आणि लेटरिंगवर पोट असेल तरच अस्ट्यूट. त्याची ट्रायल फुकट मिळते, फक्त ती हातात खरंखुरं स्कॅन केलेलं काम असेल त्याच आठवड्यात चालू करा.