एकटीचा तंबू, मोटरसायकल आणि वेल्सचे किल्ले: पाच महिने वापरल्यानंतर

उत्तर वेल्समधले इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने बांधवलेले किल्ले मोटरसायकलवरून, घाई न करता बघायचे म्हणून एप्रिलअखेर मी हा एका माणसापुरता तंबू घेतला. सप्टेंबर संपेपर्यंत त्यात एकवीस रात्री झोपले. निम्म्याहून जास्त रात्री पावसाच्या होत्या, त्यामुळे आता याच्याबद्दल खात्रीने बोलू शकते.

मोटरसायकलवर न्यायचा तंबू घेताना बहुतेक जण आधी वजन विचारतात. माझ्या मते आधी दांड्यांची लांबी विचारा. याच्या दांड्या घडी घातल्यावर ४५ सेंमीच्या आत येतात आणि अख्खा तंबू बाजूच्या पेटीत आडवा मावतो. आधीचा तंबू मागच्या सीटवर बांधावा लागायचा; दर तासाने थांबून पट्टे ताणून बघण्यात जीव जायचा. आता वजन खाली बसतं आणि लानबेरिसच्या खिंडीतल्या वळणांवर गाडी हलकी वाटते.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे हा खुंट्या न ठोकताही उभा राहतो. डोंगराळ भागातल्या कॅम्पसाइटवर चार बोटांखाली दगड लागतो, तिथे याची किंमत कळते. सकाळी सामान काढायचं, तंबू उचलून उलटा झटकायचा, की कचरा बाहेर. पण खुंट्या लागत नाहीत म्हणून दोऱ्या बांधायचा कंटाळा करू नका. आणि दोरी गाडीला तर कधीच बांधू नका. ओल्या गवतात साइड स्टँड हळूहळू रुततो. गाडी कलंडली तर ती तुमच्या अंगावर येईल. स्टँडखाली रुंद चकती ठेवा आणि तंबू गाडीपासून दोन-तीन मीटर दूर लावा.

हा तंबू मला खरा आवडला तो कॉनवीला. १२८३ ते १२८७ या अवघ्या चार वर्षांत आठ बुरुजांचा हा किल्ला आणि गावाचा तट उभा राहिला. पहिल्या दिवशी तिकीट काढून मी आतून सगळा फिरले, पायऱ्या चढून दमले आणि बघून झालं असं समजले. मुक्काम जवळच होता म्हणून संध्याकाळी दरवाजा बंद झाल्यावर पुन्हा चालत तटाखाली आले. ऊन तिरपं झालं होतं आणि बुरुजाच्या अंगावरची चौकोनी भोकं एकेक करून उठून दिसायला लागली. ती बुरुजाभोवती तिरकी चढत जातात. बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे त्यांत खोचलेले होते. त्या चढत्या परांचीवरून दगड वर नेले. आल्प्समधल्या सव्हॉय प्रांतातून आलेला एडवर्डचा मुख्य बांधकामतज्ज्ञ मास्टर जेम्स, त्याच्या कामाची ही खूणच. भर दुपारी मी त्याच भिंतीसमोर उभी होते आणि मला एकही भोक दिसलं नव्हतं. तेव्हापासून ठरवलं: एका किल्ल्याला निदान दोन रात्री, एक दुपार आतून आणि एक संध्याकाळ बाहेरून.

ब्युमॅरिसला हाच नियम पाळला. १२९५ मध्ये सुरू झालेला, तटाच्या आत तट असलेला, नकाशावर अतिशय रेखीव असा हा किल्ला पुरा झालाच नाही. पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला. बुरुज मध्येच थांबलेले, खंदकात मात्र पाणी. सह्याद्रीतले गड बघत वाढलेल्या माणसाला सपाटीवरचा किल्ला आधी पोरका वाटतो. खंदकाभोवती दोन फेऱ्या मारल्या तेव्हा कळलं, की डोंगराने आयता दिलेला बचाव इथे माणसांनी दगड रचून उभा केलाय.

हार्लेख मात्र थेट आपल्या ओळखीचा. कड्यावर बसलेला, समुद्राकडून वर येणारी पायऱ्यांची वाट राखलेला. १४०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श बंडखोर ओवेन ग्लिनडूरने तो घेतला आणि १४०९ पर्यंत राखला. समुद्र आता बराच मागे सरकलाय. त्या खालच्या सपाटीवर तंबू लावला होता, तेव्हा रात्री वारा सुटला. फ्लाय, म्हणजे तंबूवरचं पाणी अडवणारं बाहेरचं कापड, तग धरून राहिला, आत थेंब आला नाही, पण पहाटे एका दांडीचा सांधा तडकलेला सापडला. सोबत दिलेली नळी वर चढवून चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढचे तीन मुक्काम काढले. बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. नवी दांडी यायला पाच आठवडे लागले. भर मोसमात पाच आठवडे म्हणजे फार झाले, याचे गुण मी इथे कापते.

आतल्या दवाचा त्रास आहेच. झरोके बंद केले तर पहाटे फ्लायच्या आतून पाणी ओघळतं. थंडी वाजली तरी दोन्ही झरोके उघडे ठेवा. दाराची चेन जुलैपासून कोपऱ्यात अडकते. वाळू ब्रशने झाडली की सुटते.

जाणार असाल तर दोन गोष्टी. वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही, त्यामुळे कॅम्पसाइट आधी ठरवा. आणि सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. नकाशा दाखवतो त्याहून जास्त वेळ धरा.

पावणेसहा फुटांपेक्षा उंच असाल तर मोठा तंबू घ्या, याच्यात पाय कापडाला टेकून झोपेची पिशवी ओली होईल. माझी उंची कमी आहे, मला पुरतो. तडकलेली दांडी टाकलेली नाही. कापून दोन तुकडे केलेत, सुटे म्हणून पेटीच्या तळाशी आहेत.