टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदललं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. आठ महिने झाले, गाडी साधारण ९,००० किलोमीटर चालली, आणि आज टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेवरून बोट फिरवलं तर ते कोरडं निघतं. पण हे यश दुसऱ्या खेपेचं आहे. पहिल्यांदा बसवलेलं पॅकिंग तीन आठवडेही टिकलं नाही. त्यात बिचाऱ्या पॅकिंगचा काही दोष नव्हता.

गाडी जुनी, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास आत यायचा, गाडी चालायला लागली की जायचा. कव्हरच्या मागच्या कडेतून पाझरलेलं ऑइल ओघळून थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत होतं. गाडी धावत असताना वारा धूर मागे नेतो, थांबली की तोच धूर ब्लोअरच्या वाटेने आत शिरतो. पुढे सकाळी सुरू करताना इंजिन मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागलं. कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) उपसून पाहिली तर तिसऱ्या स्पार्क प्लगच्या विहिरीत दोन बोटं ऑइल साचलेलं. विहिरीच्या तोंडाची गोल सीलही कडक झाली होती.

मी गाडीचं काम म्हणून याआधी फक्त एअर फिल्टर बदललेला. गॅस्केट म्हणजे पॅकिंगच, पण ‘गॅस्केट गेलं’ हे शब्द ऐकल्यावर पोटात गोळा आला, कारण मला वाटलं हेड गॅस्केट. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि नवख्याने पाना हातात घेण्याआधी हा फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. हेड गॅस्केट ब्लॉक (इंजिनचा सिलिंडर असलेला खालचा भाग) आणि हेड (त्याच्यावर बसणारा भाग) यांच्या मध्ये असतं. जळत्या वायूंचा दाब, कूलंट आणि ऑइल या तिघांना ते एकमेकांपासून लांब ठेवतं. ते गेलं की कूलंट कमी होत जातं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, इंजिन तापतं. ते काम घरच्या अंगणात शिकायचं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र हेडच्या वर बसतं आणि आत उडणारं ऑइल बाहेर येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. माझं कूलंट जागच्या जागी होतं, धूर नव्हता. तरी खात्रीसाठी मी इंजिन थंड असताना बाहेरून सगळं पुसून काढलं आणि दोन दिवसांनी टॉर्च घेऊन पाहिलं. ओल कुठे दिसते यापेक्षा सगळ्यात वरची ओल कुठे आहे ते बघायचं. ऑइल खाली आणि मागे पळतं, उगम नेहमी वर असतो.

पहिली खेप. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, कॉइलच्या कनेक्टरांवर चिकटपट्टीने आकडे टाकले, फोटो काढले. एवढं मी शहाण्यासारखं केलं. एका कॉइलच्या कनेक्टरचा खटका मात्र कट्कन तुटला. वर्षानुवर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं होतं, त्याला ओढायचं नसतं, खटका पूर्ण दाबून हलकेच सरकवायचं असतं. आज आठ महिन्यांनीही तो कनेक्टर केबल टायने बांधलेला आहे, आणि बॉनेट उघडलं की तोच आधी डोळ्यांत भरतो.

जुनं पॅकिंग हातात आलं तेव्हा पाझर का लागला ते कोणी सांगायची गरज उरली नाही. रबर कसलं, वाकवलं तर मोडलं. नव्या पॅकिंगला खालून उंचवट्याची रेघ असते, ती दाबली जाते आणि फट बंद करते. जुन्याची रेघ पार सपाट झाली होती.

यानंतर मी घोळ घातला. ‘जास्त लावलं तर जास्त टिकेल’ या हिशोबाने कव्हरच्या पूर्ण खाचेत सिलिकॉन सीलंट ओतलं, वर पॅकिंग ठेवलं, कव्हर टेकवलं आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने करकचून आवळले. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरालाच बोल्ट आवळणारा पाना) माझ्याकडे होता, पण चाकाच्या नटांसाठीचा, ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होणारा. माझ्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये या बोल्टांना दिलेला आकडा होता १०. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगलं तर जवळपास तेवढा जोर होतो. साध्या रॅचेटवर मनगट जरा रेटलं तरी तो आकडा कुठल्या कुठे मागे पडतो. खाली हेड ॲल्युमिनियमचं. आटे गेले असते तर छोट्या कामाचं मोठं काम झालं असतं. नशीब, गेले नाहीत.

अठराव्या दिवशी पुन्हा वास.

दुसऱ्यांदा कव्हर उघडलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात पॅकिंग खाचेतून निसटून चिमटलेलं दिसलं. ओलं सीलंट म्हणजे वंगणच. बोल्ट आवळताना रबर त्याच्यावरून सरकलं होतं. जादाचं सीलंट आतल्या बाजूला गांडुळासारखं लोंबत होतं. त्याचा तुकडा पडला तर तो ऑइल खेचणाऱ्या पाइपच्या जाळीपर्यंत जाऊ शकतो, हे तेव्हा कळलं आणि घाम फुटला. एकेक तुकडा चिमट्याने वेचला.

खरा चोर मात्र वेगळाच होता: ब्रीदरचा व्हॉल्व्ह, ज्याला पीसीव्ही म्हणतात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळच्या पोकळीत) निसटतो. तो या व्हॉल्व्हमधून इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, परत ओढला जातो. व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आत दाब साचतो आणि सगळ्यात कच्च्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. माझ्या गाडीतला व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला, तर खुळखुळला नाही. नवा खुळखुळला. एवढी सोपी चाचणी, आणि पहिल्या वेळी मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. पॅकिंग बदलायला घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हा तपासावा असं माझं ठाम मत आहे. सगळ्याच व्हॉल्व्हना खुळखुळा नसतो, काही इंजिनांत तो कव्हरमध्येच घडवलेला असतो. आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघावं.

दुसऱ्या खेपेला निम्म्याहून जास्त वेळ साफसफाईत गेला. प्लास्टिकचं स्क्रॅपर, धागे न सुटणारं कापड, क्लीनर कापडावर घेऊन पुसणं. उघड्या कॅमशाफ्टवर (कव्हरखाली फिरणाऱ्या दांड्यावर) स्वच्छ फडकं टाकलं, म्हणजे कचरा आत जायला नको. लोखंडी पात्याने खरवडायचा मोह झाला, पण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे ऑइलला नवी वाट. क्लीनर पेट घेतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच हे केलं. पृष्ठभाग इतका कोरडा हवा की पांढरं कापड पांढरंच राहील.

सीलंट या वेळी चारच ठिकाणी, वाटाण्याएवढं: टायमिंग कव्हर (इंजिनच्या टोकाचं झाकण) हेडला भिडतं त्या दोन सांध्यांवर आणि कॅमशाफ्टच्या टोकाच्या अर्धगोलाच्या दोन कोपऱ्यांत. बाकी पॅकिंग कोरडं. बोल्ट आधी सगळे हाताने टेकवले, मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळले. यासाठी ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच घेतला. एवढ्या कमी जोराला त्याची ‘टिक्’ फार हलकी येते. कानापेक्षा मनगटाला आधी कळते. काम झालं की तो सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग सुस्तावते. सीलंट पक्कं व्हायला रात्रभर आणि पुढचा दिवस गाडी उभी ठेवली. पहिल्या वेळी सहा तास लागले होते, या वेळी साडेतीन.

पॅकिंगच्या सेटबद्दल एक तक्रार आहे. प्लगच्या विहिरींच्या चार सीलपैकी त्यात तीनच निघाल्या. चौथी मागवेपर्यंत गाडी उघडी पडून राहिली. सुटं करण्याआधी पाकीट उघडून मोजायचं, हे मी आता कुणालाही सांगते. रबर मात्र चांगलं निघालं.

पहिला आठवडाभर वास येतच होता आणि मी हवालदिल झाले. ते मॅनिफोल्डवरचं जुनंच ऑइल जळत होतं. आठव्या-नवव्या दिवशी थांबलं. महिनाभर रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा घालायचे, थेंब पडला नाही. तिसऱ्या महिन्यात ‘बोल्ट जरा परत आवळू का’ अशी हुक्की आली होती. आवळले नाहीत, कारण रबर दबायचं तेवढं दबलेलं असतं आणि पुढचा जोर फक्त आट्यांवर जातो. सहाव्या महिन्यात कव्हरवर ओल दिसली तेव्हा पुन्हा धाबं दणाणलं. ती ऑइल भरायच्या झाकणाची रिंग निघाली, दोन मिनिटांत बदलली. मिसिंग पूर्ण गेलं. ऑइलची पट्टी पूर्वी दोन ऑइल बदलांच्या मध्ये खालच्या खुणेपर्यंत उतरायची, आता जेमतेम हलते.

गेल्या आठवड्यात मात्र खाली, ऑइल पॅनच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेला किंचित ओलसर दिसलं. तुंबलेल्या ब्रीदरने तिथलाही सांधा कच्चा केला असावा असा माझा अंदाज आहे. पुसून ठेवलंय, पुठ्ठा परत घातलाय.