ब्रँडची माहिती विक्रेत्याकडे, विक्रेत्याचे आकडे ब्रँडकडे: कोणता मार्ग कोणाला सोयीचा?

एकच उत्पादन चार-पाच ऑनलाइन विक्रेत्यांकडे शोधून पाहा. एकाकडे जुन्या पाकिटाचा फोटो असतो, दुसऱ्याकडे वजन चुकलेलं, तिसऱ्याकडे वर्णन अर्ध्यावर तुटलेलं. बरोबर माहिती बहुतेकदा ब्रँडकडे असते, ती तिथपर्यंत धड पोचत नाही इतकंच. उलट दिशेची परिस्थिती आणखी वाईट. पान किती जणांनी पाहिलं, कार्टमध्ये किती जणांनी टाकलं, माल कोणत्या कारणाने परत आला, हे आकडे ब्रँडला एक तर मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी त्याच्या यादीशी जुळत नाहीत. मार्ग निवडताना सगळं लक्ष माहिती पाठवण्यावर असतं. माझं मत असं की आधी परत काय येणार ते विचारावं.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे एक्सेल शीट भरा आणि विक्रेत्याच्या पोर्टलवर चढवा. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. उत्पादनं मोजकी आणि विक्रेते दोन-तीनच असतील तर हाच स्वस्त आणि पुरेसा आहे. अडचण पुढे येते. प्रत्येकाचा साचा वेगळा, एकाला माप मिलिमीटरमध्ये हवं, दुसऱ्याला सेंटिमीटरमध्ये, शीर्षकाची अक्षरमर्यादा प्रत्येकाची निराळी. वर्षभरात ‘फायनल’ नावाच्या इतक्या फायली तयार होतात की खरी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही.

दुसरा मार्ग जीडीएसएन, म्हणजे जीएस१ या बारकोड-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांवर 2004 पासून चालणारं जाळं. ब्रँड आपल्या डेटा पूलमध्ये, म्हणजे या जाळ्याला जोडलेल्या माहितीसाठ्यात, माहिती भरतो, विक्रेता त्याच्या डेटा पूलमधून ती घेतो आणि दोघांना जोडणारी जागतिक नोंदवही मध्ये असते. याचा मोठा गुण म्हणजे पोच मिळते: माहिती स्वीकारली, तपासणीत अडकली की नाकारली, हे विक्रेत्याकडून संदेशाने कळवलं जाऊ शकतं. वजन, मापं, पेटीतले नग, घटकपदार्थ, ॲलर्जीची सूचना अशा काटेकोर माहितीसाठी मला यापेक्षा भरवशाचं काही दिसत नाही. पण खरेदीदाराला मोहात पाडणारा मजकूर हे त्याचं बलस्थान नाही, आणि पानावर कोण आलं-गेलं याचे आकडे त्यातून परत येत नाहीत.

तिसरा मार्ग सेल्सिफाय किंवा सिंडिगोसारख्या सिंडिकेशन प्लॅटफॉर्मचा. माहिती एकदाच एका जागी ठेवायची, प्रत्येक विक्रेत्याच्या साच्यात ती बसवण्याचं काम प्लॅटफॉर्मचं. पाठवण्याआधीच कोणता रकाना रिकामा आहे ते दिसतं, हा खरा फायदा. मात्र विक्रीच्या सादरीकरणात विक्रेत्यांच्या लोगोंची जी लांबलचक रांग दाखवतात, तिच्यावर भाळू नका. त्यातल्या किती जणांशी थेट जोडणी आहे आणि किती जणांसाठी फक्त साच्यात बसवलेली फाइल मिळणार, हे नावानिशी लिहून घ्या. फाइलच मिळणार असेल तर ती चढवणारा माणूस तुमचाच लागेल, म्हणजे पैसे देऊनही पहिल्याच मार्गावर.

चौथा मार्ग एम्बेडचा: विक्रेत्याच्या पानात ब्रँडचा किंवा मधल्या कंपनीचा कोड बसतो आणि चित्रं, व्हिडिओ, तुलनेचे तक्ते बाहेरून येतात. एका जागी बदल केला की सगळीकडे बदलतो. व्हिडिओ कितींनी चालवला, पान कुठपर्यंत सरकवलं, हेही ब्रँडला थेट दिसू शकतं. पण शीर्षक आणि मुख्य फोटो विक्रेत्याच्याच हातात राहतात आणि खरेदीदाराची नजर आधी तिथेच जाते. पान जड होतं, बाहेरचा कोड काही विक्रेते चालूच देत नाहीत, आणि मागोवा घ्यायचा तर ग्राहकाच्या संमतीचा प्रश्न येतो. शिवाय ऑर्डर झाल्याच्या पानावर विक्रेत्याने मोजणी बसवू दिली नाही तर लक्ष कळतं, खरेदी कळत नाही.

आता आकड्यांकडे. खरेदीचे आकडे विक्रेत्याकडेच असतात आणि तो ते स्वतःच्या अटींवर देतो. वॉलमार्टने रिटेल लिंक 1991 मध्ये सुरू करून पुरवठादारांना विक्री आणि साठा दाखवायला सुरुवात केली. ॲमेझॉन नोंदणीकृत ब्रँडना शोधशब्दांनुसार उत्पादन किती वेळा दिसलं, क्लिक, कार्ट आणि खरेदी असे टप्पे दाखवतो. हे एम्बेडच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोलाचं, पण त्याच विक्रेत्यापुरतं. विक्रेत्याची बाजूही समजण्यासारखी आहे: तपशीलवार आकडे दिले तर भावाच्या वाटाघाटीत तेच त्याच्यासमोर ठेवले जातात. म्हणून ‘सगळा डेटा द्या’ म्हणण्यापेक्षा उत्पादननिहाय, आठवड्याचे एकत्रित आकडे मागितले तर होकार मिळण्याची शक्यता जास्त.

मार्ग कुठलाही असो, आकड्यांची जुळणी उत्पादनाच्या ओळख-कोडवर अवलंबून असते. ब्रँडकडे जीटीआयएन, म्हणजे बारकोडमधला उत्पादन क्रमांक, ॲमेझॉनकडे दहा अक्षर-अंकांचा एएसआयएन, तिसऱ्याकडे आणखी काही. हे कोड एका तक्त्यात बांधा आणि कोणता मजकूर कोणत्या तारखेला लागला तेही त्यातच नोंदवा. छापलेलं निव्वळ वजन बदललं तर जीएस१च्या नियमाने नवा जीटीआयएन घ्यावा लागतो, आणि 2019 पासून जुना क्रमांक दुसऱ्या उत्पादनाला देता येत नाही. हा नियम डावलला की दोन उत्पादनांचा इतिहास एकाच ओळीत मिसळतो. नोंद नीट असली तरी नवा फोटो आधी थोड्याच उत्पादनांना लावून पाहा. त्याच आठवड्यात सवलत असेल किंवा माल संपला असेल, तर श्रेय फोटोला द्यायचं की भावाला हे सांगता येणार नाही.

माझा कौल असा. खाद्यपदार्थ, किराणा आणि प्रत्यक्ष दुकानांच्या साखळ्याही ग्राहक असतील तर आधी जीडीएसएन, मोहक मजकूर नंतर. वैशिष्ट्यं समजावून सांगावी लागतात अशी उपकरणं असतील तर सिंडिकेशन, आणि परवानगी देणाऱ्या दोन-चार मोठ्या विक्रेत्यांकडे एम्बेड. बाकीच्यांनी वर्षभर पोर्टल आणि एक नीट ठेवलेलं शीट यावर काढायला हरकत नाही.

सही करण्याआधी करार संपल्यावर काय होणार तेही विचारा. शीट, जीडीएसएन किंवा सिंडिकेशनने पाठवलेला मजकूर सहसा विक्रेत्याच्या पानावर राहतो, एम्बेडची जागा सेवा बंद होताच रिकामी होते. साच्यांत बसवलेली माहिती कोणत्या फाइलीत परत मिळेल आणि जुने आकडे किती काळ उतरवून घेता येतील, हे करारात नसेल तर आधी घालून घ्या.