महाडीबीटीची स्कॉलरशिप की बँकेचं एज्युकेशन लोन?

कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, इंजिनिअरिंगला नंबर लागला की घरात दुसरा विषयच नसतो, फी भरायची कशी. भाच्याच्या वेळी मी स्कॉलरशिप आणि लोन दोन्हीच्या मागे धावलेय म्हणून सांगते.

आधी स्कॉलरशिप, जिचा फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आपण सगळे ईबीसी म्हणतो ती. घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि अॅडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे, मग ट्यूशन फी आणि परीक्षा फी निम्मी माफ. मुलींना तर २०२४-२५ पासून ही फी पूर्ण माफ आहे, त्यामुळे मुलगी असेल तर लोनचा विचार करायच्या आधी हे बघाच, कितीतरी पालकांना अजून माहितीच नाही हो! अनुसूचित जातीच्या मुलांची स्कॉलरशिप वेगळी, तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख.

हे पैसे परत करायचे नसतात. पण खटपट आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, रेशन कार्ड, अलॉटमेंट लेटर, सगळं स्कॅन करून टाकायचं, मग कॉलेजचा क्लार्क तपासणार, काही चुकलं की फॉर्म परत, आणि दरवर्षी रिन्युअल. पैसे उशिराच येतात हे धरूनच चला. आमच्या कॉलेजने तर पहिल्याच दिवशी पूर्ण फी मागितली, स्कॉलरशिप आली की परत देऊ म्हणाले, तेव्हा ताईने पतसंस्थेतून उचल घेतली आणि पुढचे कित्येक महिने तिचा जीव टांगणीला लागला.

वर आमचा हप्ता गायबच झाला. भाच्याचं शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं होतं, ते आम्ही पार विसरलो होतो, आधार त्यालाच लिंक होतं आणि पैसे तिथे जाऊन बसले. फॉर्ममध्ये तुम्ही कुठलंही खातं लिहा, पैसे आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, म्हणून आधारच्या वेबसाइटवर सीडिंग स्टेटस आजच बघून घ्या.

आता लोन. बँक पैसे थेट कॉलेजला पाठवते, हॉस्टेल, मेस, लॅपटॉपही त्यात बसतं, ईबीसीमध्ये हे बसत नाही. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावं लागतं. हप्ते कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून लागतं. समजा दरवर्षी ५० हजार घेतले आणि व्याज १० टक्के, तर हप्ते सुरू होईपर्यंत २ लाखांवर ७० हजार व्याज चढलेलं असतं, तेही सरळ व्याजाने. आणि ईबीसीने वाचते ती रक्कम साधारण एवढीच असते, ट्यूशन फी लाखभर असेल तर वर्षाला ५० हजार. फॉर्मचा कंटाळा केला तर तो जवळपास पावणेतीन लाखांना पडतो, मला तर हे बघूनच वाईट वाटतं.

म्हणून माझं मत, ईबीसीचा फॉर्म भरायचाच, आणि लोन फक्त उरलेल्या फीसाठी आणि हॉस्टेलसाठी, गरजेपुरतंच. लोन काढताना केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर आपल्या कॉलेजचं नाव यादीत आहे का बघा. असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी स्कॉलरशिपचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर हप्ते सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजाची सवलत मिळू शकते. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न आणि कोर्स प्रोफेशनल असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, त्याबद्दल बँकेत स्वतःहून विचारा.

मॅनेजमेंट कोट्यातून अॅडमिशन घेतली असेल तर ईबीसीही नाही आणि विद्यालक्ष्मीही नाही, राहतं ते बँकेचं साधं लोन, तेही मॅनेजरने मान्य केलं तर. त्यामुळे कोट्याचे पैसे भरायच्या आधी बँकेत जाऊन या.