हॅग्लरला कितवा क्रमांक द्यायचा?

मिडलवेट गटातल्या आजवरच्या सर्वोत्तम बॉक्सरांची यादी करायला बसलं की पेन हमखास अडतं ते मार्विन हॅग्लरपाशी. कुणी त्याला दुसरा ठेवतं, कुणी पाचवा. मी त्याला तिसरा मानतो. वर हॅरी ग्रेब आणि कार्लोस मोन्झोन, खाली शुगर रे रॉबिन्सन आणि बर्नार्ड हॉपकिन्स. तुमची यादी अजून ठरायची असेल, तर माझा हिशेब मांडतो. तो पटला नाही तरी नेमका कुठे पटला नाही, हे तुम्हाला कळेल.

आपल्या विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला कांस्य जिंकलं तेही मिडलवेटमध्येच, पण हौशी स्पर्धांत ती मर्यादा ७५ किलो होती. इथे विषय व्यावसायिक मिडलवेटचा आहे. त्याची मर्यादा १६० पौंड, म्हणजे साधारण साडेबहात्तर किलो.

सुरुवातीलाच एक लढत बाजूला ठेवा. १५ एप्रिल १९८५, लास व्हेगास, हॅग्लर विरुद्ध टॉमी हर्न्स. पहिल्या फेरीत दोघांनी एकमेकांवर जे ठोसे बरसवले, तसं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याच लढतीत पाहिलेलं नाही. त्याच फेरीत हर्न्सचा उजवा हात मोडला आणि हॅग्लरचं कपाळ फुटलं. तिसऱ्या फेरीत रेफ्रीने ती जखम डॉक्टरला दाखवली. लढत आता थांबवतील हे ओळखून हॅग्लरने हर्न्सला तिथेच आडवा केला. सगळं मिळून आठ मिनिटं. ती कितीही वेळा पाहावीत, पण क्रमांक त्यावरून ठरवू नये. त्या रात्री हर्न्सने हॅग्लरला विचार करायला उसंतच दिली नाही, आणि ते हॅग्लरच्या पथ्यावर पडलं. जिथे उसंत मिळाली तिथे काय झालं, ते पाहायला हवं.

३० नोव्हेंबर १९७९. जगज्जेतेपदाच्या किताबासाठी पहिली संधी, समोर तेव्हाचा विजेता व्हिटो अँटुओफर्मो. हॅग्लरने सुरुवातीच्या फेऱ्या सहज घेतल्या, मग हात सैल सोडला. १५ फेऱ्यांनंतर बरोबरीचा निकाल लागला आणि किताब अँटुओफर्मोकडेच राहिला. निकाल अन्यायाचा होता असं मलाही वाटतं, पण अन्यायाला जागा हॅग्लरनेच ठेवली. नोव्हेंबर १९८३ मध्ये रॉबेर्तो ड्युरान आला. मूळचा लाइटवेट, म्हणजे १३५ पौंडांचा गडी. त्याच्याविरुद्ध हॅग्लर इतका जपून खेळला की १३ फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या गुणपत्रकांवर ड्युरान एका गुणाने पुढे होता. शेवटच्या दोन फेऱ्या मारून हॅग्लरने किताब राखला. आणि ६ एप्रिल १९८७. शुगर रे लेनर्ड मागच्या पाच वर्षांत एकदाच रिंगमध्ये उतरलेला, तरीही हॅग्लरने पहिल्या काही फेऱ्यांत आपला डावखुरा पवित्रा सोडून उजव्या हाताच्या बॉक्सरासारखं उभं राहणं पसंत केलं. त्या फेऱ्या लेनर्डने खिशात घातल्या. लढत १२ फेऱ्यांची होती, भरपाईला वेळ पुरला नाही. दोन पंच लेनर्डच्या बाजूने, एक हॅग्लरच्या. त्यानंतर हॅग्लर इटलीला निघून गेला आणि पुन्हा कधी लढला नाही.

या तीन रात्रींमुळेच तो माझ्या यादीत मोन्झोनच्या खाली येतो. बाकी कागदावर दोघांत फार अंतर नाही. हॅग्लरच्या ६७ लढतींत ६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. मोन्झोनचे ८७ विजय, ३ पराभव, ९ बरोबरी. हॅग्लरने १२ वेळा किताब राखला, त्यातल्या ११ वेळा प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या घंटेपर्यंत पोहोचूच दिलं नाही. पोहोचला तो एकटा ड्युरान. मोन्झोनने १४ वेळा राखला.

हॅग्लरवर नेहमीचा आक्षेप असा, की त्याचे मोठे विजय खालच्या वजनातून वर आलेल्यांवर आहेत. आक्षेप खरा आहे, पण तो मोन्झोनलाही तितकाच लागू पडतो. त्याने हरवलेले एमिल ग्रिफिथ आणि होसे नापोलेस दोघेही वेल्टरवेट या खालच्या गटातून वर आलेले. फरक आहे तो मोन्झोनने त्यांचं काय केलं यात. ग्रिफिथला १९७१ मध्ये १४व्या फेरीत थांबवलं, १९७३ मध्ये गुणांवर हरवलं. नापोलेसला १९७४ मध्ये पॅरिसला असं बडवलं की सहाव्या फेरीनंतर तो कोपऱ्यातून उठलाच नाही. मोन्झोन दिसायला संथ वाटायचा. उंच, ताठ, डावा हात लांब ठेवलेला, आणि त्यामागून उजवा. पण समोरचा लहान असो वा चलाख, त्या लांब हाताचं अंतर त्याने कधी सोडलं नाही.

बेनी ब्रिस्को हा दोघांचा सामाईक प्रतिस्पर्धी. फिलाडेल्फियाचा, दगडासारखा. मोन्झोनची त्याच्याशी १९६७ मध्ये बरोबरी झाली. १९७२ मध्ये मोन्झोन जिंकला, पण नवव्या फेरीत ब्रिस्कोच्या ठोशाने त्याचे पाय डगमगले होते. हॅग्लरने ब्रिस्कोला १९७८ मध्ये गुणांवर हरवलं, तेव्हा ब्रिस्को ३५ वर्षांचा होता. इथे कुणाचंच पारडं जड होत नाही.

हॅग्लरची खरी मोठी बाजू ही, की किताबाची संधी मिळायच्या आधी त्याने जे सोसलं ते मोन्झोनच्या वाट्याला आलं नाही. १९७६ मध्ये तो फिलाडेल्फियाला त्यांच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांच्याच पोरांशी लढला. बॉबी वॉट्स आणि विली मन्रो यांच्याकडून हरला, पुढे दोघांनाही गाठून थांबवलं. मन्रोला तर दोनदा. ॲलन मिंटरला १९८० मध्ये लंडनमध्ये तीन फेऱ्यांत लोळवून किताब मिळवला, तर प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. बेल्ट कमरेला न बांधताच त्याला आत पळावं लागलं. कुणाला याचं वजन माझ्यापेक्षा जास्त वाटलं, तर त्याने हॅग्लरला दुसरा ठेवावा. मी हुज्जत घालणार नाही.

पण मोन्झोन १९६४ नंतर एकदाही हरला नाही. १९७० मध्ये रोममध्ये बेनवेनुतीकडून किताब हिसकावल्यावर बरोबरीसुद्धा नाही. १९७७ मध्ये शेवटच्या लढतीत रॉद्रिगो वाल्देसने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं. वय ३५ ला आलेलं. तो उठला, १५ फेऱ्या लढला, जिंकला आणि थांबला. याच मोन्झोनने १९८८ मध्ये आलिसिया मुनीस या आपल्या मुलाच्या आईचा जीव घेतला आणि त्यासाठी त्याला शिक्षा झाली. हा क्रमांक त्याच्या लढतींचा आहे. ज्यांना त्याचं नाव यादीत नकोच वाटतं, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

ग्रेबला मी पहिला ठेवतो, आणि हा निर्णय विश्वासावरचा आहे. त्याच्या एकाही लढतीचं चित्रीकरण उरलेलं नाही. अनेक निकाल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून ठरलेले, कारण तेव्हा अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अधिकृत निकाल द्यायला कायद्याने मनाई होती. पण जवळपास ३०० लढती, त्यातल्या कित्येक वरच्या वजनाच्या माणसांशी, नंतरची वर्षं एका डोळ्याने. १९२२ मध्ये त्याने जीन टनीला हरवलं. तो टनीच्या कारकिर्दीतला एकमेव पराभव, आणि हाच टनी चार वर्षांनी जॅक डेम्प्सीला हरवून हेवीवेटचा विजेता झाला. असं खातं या गटात दुसऱ्या कुणाचं नाही.

रॉबिन्सन चौथा, हे वाचून काही जण चिडतील. वजनगट विसरून सर्वोत्तम बॉक्सर विचारलात तर मीही त्याचंच नाव घेईन, पण त्याचा बहर वेल्टरवेटमधला. मिडलवेटचा किताब त्याने पाच वेळा जिंकला, याचाच अर्थ तो टिकवता आला नाही. टर्पिन, फुलमर, बॅसिलिओ, पेंडर, चौघांनी तो त्याच्याकडून घेतला. हॅग्लरकडून घ्यायला साडेसहा वर्षं लागली. हॉपकिन्सने २० वेळा किताब राखला, पण त्याच्या काळात हा गट पातळ होता.

अजूनही मन ठरत नसेल, तर दोनच लढती पाहा: मोन्झोन-नापोलेस आणि हॅग्लर-ड्युरान. दोन्हींत समोर खालून आलेला, तल्लख माणूस आहे. हर्न्सची लढत त्यानंतर लावा.