नागपाड्यातील बास्केटबॉल वर्ग: शिकवणी उत्तम, व्यवस्था सुमार
खेळाडू म्हणून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगची ५ विजेतेपदे मिळवलेल्या स्टीव्ह कर यांनी २०१४ साली त्याच लीगमधील गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारल्यावर आणखी ४ मिळवली. तरीही चांगला खेळाडू चांगला शिकवतोच, असे नाही. नागपाड्यातील या वर्गाचे सर, जे स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहेत, आपले कसब दाखवत बसत नाहीत. माझ्या मुलीच्या कोपराचा कोन आणि चेंडू सुटताना मनगट कुठे थांबते, एवढेच ते पाहतात आणि चुकल्यास तीच हालचाल सावकाश करून घेतात. शुल्क अंमळ जास्तच आहे. शिवाय पावसाळ्यात उघडे मैदान निसरडे झाले की वर्ग ऐनवेळी रद्द होतो आणि बुडालेला दिवस भरून दिला जात नाही, हे मात्र खटकते.