चूल की गॅस? खानापूरच्या स्वयंपाकघरातून
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसात कधी चूल पेटवलीय? ओलं सरपण, हातात फुंकणी आणि घरभर धूर. नाचणीची भाकरी चुलीवरचीच गोड, हे मलाही मान्य. पण असं म्हणणारे बहुतेक खाणारे असतात, थापणारे नव्हेत.

त्या धुरातले बारीक कण थेट फुफ्फुसात उतरतात. पोरांना न्यूमोनिया, बायकांना श्वासाचे जुने विकार, मोतीबिंदूसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. तीच काजळी हवेत जाऊन तापमानवाढीला हातभार लावते. रानातून मोळी आणायची तीही बाईनेच.

गॅस काही पुण्यवान नाही, तेही खनिज इंधनच. पण ज्योत निळी, भांडी स्वच्छ, घरात धूर नाही. अडचण पैशाची. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत जोडण्या मिळाल्या, पण १४.२ किलोची टाकी भरायला रक्कम एकदम लागते. रोजंदारीवरच्या घरात ती कुठून येणार? कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बाईच्या खात्यात २,००० रुपये जमा झाले की टाकी येते, हप्ता लांबला की पुन्हा चूल. सरपण फुकट म्हणतात, पण बाईच्या वेळेची किंमत शून्य धरली तरच.

म्हणून बऱ्याच घरांत दोन्ही असतात. माझं मत विचाराल तर रोजचा स्वयंपाक गॅसवर. चूल ठेवायचीच तर परड्यात, अंघोळीच्या पाण्यापुरती.